दूरचे जवळ आणणारे भिंग

आमच्या गावची यात्रा आटोपली आणि माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. लग्नकार्याचे फोटो काढणे हा त्याचा धंदा. कर्ज काढून त्याने लांबलचक झूम लेन्स घेतली होती आणि कुस्त्यांच्या फडाचे फोटो गर्दीच्या कडेला उभे राहून काढले होते. दुपारच्या कुस्त्यांचे फोटो झकास होते. पैलवानाच्या पाठीला लागलेली मातीसुद्धा दिसत होती. पण दिवेलागणीनंतर झालेल्या शेवटच्या मोठ्या कुस्तीचे सगळे फोटो धूसर. "सर, लेन्सने फसवलं," तो म्हणाला. मी म्हटले, "अरे, लेन्सने नाही फसवलं. तिच्या अंगावर हिशेब लिहिलेला असतो, तो तू वाचला नाहीस."

तो हिशेब काय, हेच आज सांगायचे आहे.

शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. खोलीची एकच खिडकी उघडी ठेवा आणि तिच्यासमोरच्या भिंतीशी पांढरा कागद धरा. कागदापुढे बहिर्गोल भिंग मागेपुढे केले की बाहेरच्या झाडाचे उलटे चित्र कागदावर उमटते. तेव्हा भिंग आणि कागद यांत जे अंतर राहते ते, झाड पुरेसे दूर असले तर, भिंगाचे नाभीय अंतर. आता तेवढ्याच रुंदीचे, पण कमी फुगीर भिंग घ्या. ते कागदापासून अधिक दूर धरावे लागेल. झाड मोठे दिसेल, पण चित्र अंधूक होईल. प्रकाश तेवढाच, तो पसरला मात्र अधिक जागेवर. दूरचे जवळ आणता येते, पण त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. पुढचा सगळा इतिहास ही किंमत कमी करण्याच्या खटपटीचा आहे.

पहिली अडचण लांबीची. नाभीय अंतर वाढले की नळीही लांबणार. त्यावर इंग्लंडात डालमायर आणि जर्मनीत मिथे व स्टाइनहाइल यांनी १८९१ च्या सुमारास स्वतंत्रपणे एकच तोड काढली. पुढे बहिर्गोल भिंगांचा गट आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट बसवला की नळी नाभीय अंतरापेक्षा आखूड राहते. यालाच टेलिफोटो म्हणतात.

पण टेलिफोटोचे नाभीय अंतर ठरलेले. पैलवान दोन पावले पुढे आला की त्याचे डोके चौकटीबाहेर! मग एक लेन्स काढा, दुसरी लावा. तोवर कुस्ती निकाली. आतले गट एकमेकांपासून पुढेमागे सरकवून नाभीय अंतरच बदलता आले तर? हेच झूम. सिनेमावाल्यांना ते आधी मिळाले. १९३२ सालची 'कुक वारो' ही अशीच लेन्स. सिनेमातले प्रत्येक चित्र क्षणात सरते, त्यामुळे थोडा धूसरपणा खपून जातो. स्थिर फोटो माणूस हातात धरून न्याहाळतो. शिवाय लेन्समधून दिसते तेच फोटो काढणाऱ्याला दाखवणारा कॅमेरा हवा. तो आरशाचा, म्हणजे एसएलआर कॅमेरा रुळला आणि मग झूमचे दिवस आले.

१९५९ साल इथे महत्त्वाचे. त्या वर्षी जर्मनीच्या फोग्टलेंडर कंपनीने फ्रँक बॅक यांनी आखलेली 'झूमर' ही ३६ ते ८२ मिलिमीटरची लेन्स आणली. त्याच वर्षी जपानच्या निकॉनने आपल्या नव्या कॅमेऱ्यासाठी ८५ ते २५० मिलिमीटरची टेलिफोटो झूम जाहीर केली. तिचे वजन दोन किलोंच्या आसपास!

भिंगे वाढली तशी दुसरी अडचण आली. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे वीस पृष्ठभाग ओलांडता ओलांडता निम्म्याहून अधिक प्रकाश वाया जाणार. त्सैस कंपनीच्या स्माकुला यांनी १९३५ साली काचेवर अतिशय पातळ लेप देण्याची युक्ती काढली होती. तिच्यावाचून झूम व्यवहारात उतरलीच नसती. तिसरी अडचण रंगांची. लांब लेन्समध्ये तांबडा आणि निळा प्रकाश एका जागी जुळत नाही, कडांना रंगीत झालर दिसते. त्यासाठी फ्लुओराइटचे स्फटिक आणि खास काच वापरात आली. कॅननने १९६९ साली फ्लुओराइटची ३०० मिलिमीटरची लेन्स काढली. पुढे संगणकाने आकडेमोड हाती घेतली आणि झूमची चित्रे चांगलीच रेखीव झाली.

चौथी अडचण आपल्या हाताची. लेन्स दूरचे मोठे करते, तसा हाताचा कंपही मोठा करते. जुना ठोकताळा असा की ३०० मिलिमीटरला सेकंदाच्या तीनशेव्या भागाहून अधिक वेळ पडदा उघडा ठेवू नये. १९९५ साली कॅननने ७५ ते ३०० मिलिमीटरच्या झूममध्ये कंप ओळखून आतले भिंग उलट दिशेने हलवणारी योजना बसवली. त्यामुळे सुमारे चौपट वेळ मिळू लागला. पण बरे का, हात स्थिर झाला तरी पैलवान स्थिर होत नाही! तो हलला की फोटो पुसट होणारच.

आणि प्रकाशाची किंमत? ती आजही चुकलेली नाही. लेन्सवर २.८ किंवा ६.३ असा आकडा असतो. नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले की प्रकाश शिरण्याच्या छिद्राची रुंदी मिळते. सिग्माने २००८ साली २०० ते ५०० मिलिमीटरची २.८ आकड्याची झूम आणली. ५०० भागिले २.८, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटरचे तोंड. वजन पंधरा किलोंहून अधिक. उलट कॅननची २०२० सालची १०० ते ५०० मिलिमीटरची झूम दीड किलोच्या आत आहे, पण लांब टोकाला तिचा आकडा ७.१ आहे. आरसा नसलेले नवे कॅमेरे आणि त्यांतले संवेदक कमी प्रकाशात काम भागवतात, म्हणून हे चालते. ओझे लेन्सवरून उतरून संवेदकावर गेले, एवढेच.

माझ्या विद्यार्थ्याच्या लेन्सचा आकडा लांब टोकाला ६.३ होता. २.८ च्या मानाने तिथे प्रकाश पाचपट कमी. दुपारी उन्हाने ती तूट भरून काढली; रात्री दिव्यांना ते जमले नाही. लेन्स वाईट नव्हती. भिगवणच्या पाणवठ्यावर सकाळच्या उन्हात तिनेच त्याला रोहित पक्ष्यांची सुरेख चित्रे दिली, तीही थवा न उठवता, दूर काठावरून. जवळ जाऊन पाखरे उधळण्यापेक्षा दूर राहून पाहता येते, हा या लेन्सचा मोठाच उपकार.

तेव्हा आपल्यापैकी कोणी अशी लेन्स घ्यायला निघाला, तर ६०० या मोठ्या आकड्यावर भुलू नका. शेजारचा लहान आकडा वाचा, आणि आपले काम उन्हातले की दिव्यातले, हे स्वतःला विचारा. कर्ज त्यानंतर काढा.