तानपुरा ऐकू येईपर्यंत : ध्वनिमुद्रिकांच्या नादगुणवत्तेचा मागोवा

ध्वनिमुद्रिकेचा नाद उत्तम आहे असे पाश्चात्त्य श्राव्यरसिक म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मोठा वाद्यवृंद असतो आणि अगदी हलक्या व अगदी मोठ्या आवाजांमधील अंतर तबकडीने किती सांभाळले, यावर त्यांचा निवाडा अवलंबून असतो. ख्यालगायनाला ही कसोटी पुरत नाही. एक कंठ, तबला, हार्मोनियम किंवा सारंगी आणि मागे अखंड झंकारणारे दोन तानपुरे एवढ्यावर जे संगीत उभे राहते, त्याच्या मुद्रणाची खरी परीक्षा तानपुऱ्यापाशी होते. कारण गायकाचा आवाज सदोष यंत्रणेतूनही ओळखू येतो, तबल्याचा ठेकाही कळतो, पण तानपुरा एकतर त्याच्या जवारीसह उमटतो, नाहीतर मुळीच उमटत नाही. जवारी म्हणजे घोडीच्या किंचित बहिर्वक्र पृष्ठभागावर तार घासत कंपन पावल्याने आणि तिच्याखाली सरकवलेल्या दोऱ्याच्या नेमक्या जागेमुळे निर्माण होणारी उपस्वरांची दाट मालिका होय. या मालिकेची व्याप्ती खर्जाच्या शंभर हर्ट्झखालील मूळ कंपनापासून काही हजार हर्ट्झपर्यंत असते. त्यामुळे तानपुरा तबकडीवर केव्हा आणि कसा आला, याचा इतिहास हाच आपल्याकडील नादगुणवत्तेचा इतिहास मानता येतो.

या कसोटीचा सोलापूर जिल्ह्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. मिरजेचे कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब सतारमेकर यांच्या काळापासून, जे तानपुरे घडवत आले, त्यांचे भोपळे मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात; तेथून वाहणारी भीमा पुढे अक्कलकोट तालुक्याच्या दक्षिण सीमेला लागते. त्या तालुक्यातील मैंदर्गी हे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत वावरणारे, कर्नाटकाच्या हद्दीलगतचे नगरपरिषदेचे गाव. एकीकडे मिरज आणि दुसरीकडे धारवाड-हुबळी अशा ज्या पट्ट्यात ते येते, त्या पट्ट्याने अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व असे गायक घडवले किंवा सांभाळले. ‘उत्तम नादाच्या भारतीय तबकड्या’ असा शोध घेतला, तर त्यातील मोठा वाटा याच प्रदेशाच्या गळ्यांचा निघतो, हा योगायोग नव्हे.

ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा विजेचा वापर नव्हता. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गावे, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरावा आणि त्या थरथरीने मेणाच्या तबकडीवर चर कोरली जावी, एवढीच युक्ती होती. या पद्धतीत ढोबळमानाने दोनशेपासून दोन-अडीच हजार हर्ट्झपर्यंतच्या कंपनांनाच वाट मिळे. तानपुऱ्याचा खर्ज त्या वाटेच्या खाली आणि जवारीचा बराच भाग तिच्या वर पडत असल्याने तानपुरा जवळपास गळून गेला आणि त्याची जागा हार्मोनियमने भरून काढली. हार्मोनियमच्या साथीवर त्या काळी जो वाद झडला, त्यात या यांत्रिक कारणाचा विचार क्वचितच झालेला दिसतो.

१९२५ मध्ये मायक्रोफोन व विद्युत्-वर्धक यांचा वापर सुरू झाला आणि मुद्रणाची कक्षा पाच-सहा हजार हर्ट्झपर्यंत रुंदावली. या टप्प्यावरील सर्वांत मोलाच्या तबकड्या अब्दुल करीम खाँ यांच्या १९३०च्या दशकातील आहेत. मिरजेत स्थायिक झालेले, वाद्यदुरुस्तीत निष्णात असलेले आणि सांगलीचे कृ. बा. देवल व न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या श्रुतिसंशोधनात सहभागी झालेले खाँसाहेब सुराच्या सूक्ष्म स्थानांविषयी अतिशय काटेकोर होते. झिंझोटीतील आणि भैरवीतील त्यांच्या ठुमऱ्यांच्या मुद्रिकांत तानपुरा धूसरच आहे. तरीही सूर इतका नेमका लागलेला आहे की न ऐकू येणारा तानपुरा श्रोत्याला जणू गळ्यातूनच मिळतो. खाँसाहेब १९३७ मध्ये निवर्तले, म्हणजे दीर्घ मुद्रिका (एलपी) येण्याच्या अकरा वर्षे आधी. त्यांचा विलंबित ख्याल पूर्ण विस्ताराने तेव्हाच्या साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर येऊ शकला नाही, ही या इतिहासातली सर्वांत मोठी हानी होय.

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या या तबकडीविषयी मात्र एक गैरसमज रूढ आहे. ती खरखरते, म्हणून तिचा नाद निकृष्ट, असे सरसकट म्हटले जाते. खरखर होती ती द्रव्यामुळे : लाखेत दगडाची भुकटी व काजळी मिसळून ही तबकडी दाबली जाई, आणि जड पोलादी सुई त्या भुकटीवर झिजून चरीचा आकार घेई. परंतु दहा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला जवळपास एक मीटर वेगाने सरकते, म्हणजे पुढे आलेल्या दीर्घ मुद्रिकेच्या सुमारे दुप्पट वेगाने. या वेगामुळे गळ्याचा आघात, तानेची दाणेदार फेक आणि शब्दाचा उठाव यांना जो थेटपणा लाभतो, तो नंतरच्या अनेक सफाईदार मुद्रिकांत नाही. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी अशाच साडेतीन मिनिटांच्या मर्यादेत गायलेली आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर तिला स्थान मिळाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाईंचे निधन झाले. मुंबईत १९३५ पासून दोन दशके चाललेल्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीच्या ‘यंग इंडिया’ या स्वदेशी छापाचे सांस्कृतिक मोल मोठे असले, तरी नादाच्या यादीत त्याला वरचे स्थान देता येत नाही.

अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित अधिक, नेमके सांगायचे तर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची दीर्घ मुद्रिका बाजारात आणली. लाखेऐवजी विनाईल, म्हणजे पॉलिव्हिनाईल क्लोराइड हे गुळगुळीत कृत्रिम द्रव्य, आणि पूर्वीच्या सुमारे एक तृतीयांश रुंदीची चर, या दोन बदलांनी तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. चुंबकीय फितीवर आधी मुद्रण करण्याची सोयही याच सुमारास रुळली. भारतीय संगीताला या साधनाचा लाभ प्रथम परदेशात झाला : अली अकबर खाँ यांची, यहुदी मेनुहिन यांच्या निवेदनासह निघालेली मुद्रिका १९५५ची. मायदेशात हे काम ज्यांच्या हातून झाले, त्यांत गो. ना. जोशी यांचे नाव अग्रभागी येते. वकिलीचे शिक्षण घेतलेले आणि स्वतः भावगीतगायक असलेले जोशी एच. एम. व्ही.च्या मुंबई शाखेत दीर्घकाळ मुद्रणाची जबाबदारी सांभाळत होते. कलावंताला राजी करणे आणि त्याचा गळा लागलेला क्षण ओळखणे ही त्यांची खरी हातोटी होती.

अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी ही १९६०ची एकध्वनी, म्हणजे मोनो, मुद्रिका या परंपरेचे शिखर मानावी लागते. मंद्र सप्तकात रेंगाळणारा गळा, झूमरा तालाची संथ लय आणि दोन स्वरांमधील मोकळ्या जागा यांमुळे मागचा झंकार येथे प्रथमच पुरेसा उघडा पडतो, आणि दरबारीतील आंदोलित गंधार त्या झंकारावर टेकून ऐकता येतो. मोनो चर फक्त आडवी हलते, तर स्टिरिओ चर आडवी आणि उभीही; त्यामुळे एकाच गळ्यासाठी मोनो हे कमी प्रतीचे तंत्र नव्हतेच, उलट आवाजाला एकसंध घनता देणारे होते.

दीर्घ मुद्रिकेचा एक अंगभूत दोष मात्र ख्यालाला विशेष जाचला. तबकडी एकाच गतीने फिरते, पण सुई आत सरकत जाते तसतसे वर्तुळ लहान होते. बाहेर सेकंदाला सुमारे एक्कावन्न सेंटीमीटर असलेला चरीचा वेग शेवटी एकवीस सेंटीमीटरवर येतो आणि उंच उपस्वर तेवढ्या आखूड जागेत दाटीवाटीने कोरावे लागतात. ख्यालाची रचना नेमकी याच्या उलट चालते : संथ आलापी आरंभी, म्हणजे जेथे चर सर्वांत उदार आहे तेथे, आणि द्रुत बंदिशीतील वेगवान ताना शेवटी, म्हणजे जेथे ती सर्वांत कृपण आहे तेथे. भीमसेन जोशी यांच्या तार सप्तकातील जोरकस ताना अनेक तबकड्यांवर बाजूच्या अखेरीस फाटल्यासारख्या वाटतात, त्यात गळ्याचा दोष नसून भूमितीचा आहे. बाजू अठरा मिनिटांत संपवली की हा त्रास कमी होतो. पण राग अर्ध्यावर तोडण्यापेक्षा शेवटची दोन मिनिटे फाटलेली बरी, असे कोणताही जाणकार म्हणेल.

स्टिरिओची प्रतिष्ठा वाढवणारी मुद्रिका म्हणजे १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी व ब्रिजभूषण काबरा यांची गिटार यांना दोन ध्वनिक्षेपकांमधील अवकाशात वेगवेगळ्या जागा मिळाल्या, आणि मेंढपाळाचा एक दिवस रागांतून उलगडणारी ही निर्मितीही गो. ना. जोशी यांचीच. नवे यंत्र घेताना कान तपासण्यासाठी ती आजही लावली जाते. नादाचा रम्यपणा तिच्यात भरपूर आहे. तथापि गायनाच्या मुद्रिकांना लावलेली कसोटी तिला लावणे अन्यायाचे ठरेल. त्यापेक्षा किशोरी आमोणकर यांची भूप आणि बागेश्रीची मुद्रिका या मागोव्यात अधिक महत्त्वाची आहे. तिच्यात कंठ पुढे, तानपुरे मागे आणि दोहोंमध्ये हवा आहे. सूर थांबल्यानंतर उरणारी आस ऐकू येते, आणि भूपात वर्ज्य असलेला निषाद जवारीतून उपस्वररूपाने डोकावतो की काय, असा संभ्रम जाणकार कानालाही पडतो.

सीमाभागातील लहान गावांत ही नादसमृद्धी उशिरा आणि अर्धवट पोहोचली असणार, हे यंत्रांच्या इतिहासावरून उघड आहे. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे, आणि पश्चिमेत १९६०च्या सुमारास संपलेली अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी भारतात त्यानंतरही अनेक वर्षे निघत राहिली, याचे एक मोठे कारण हेच. पुढे बॅटरीवर चालणारा ‘फिएस्टा’ हा तबकडीवादक आला. पण त्याची सुई जड होती, आणि जड सुईखाली वारंवार फिरलेल्या तबकडीतील उंच स्वर कायमचे खरवडले जातात. म्हणून जुन्या बाजारात सर्वाधिक लोकप्रिय मुद्रिका, जशा भीमसेनांच्या अभंगांच्या, सर्वांत वाईट अवस्थेत सापडतात, तर मन्सूर यांच्या अनवट रागांच्या मुद्रिका, कमी वाजल्यामुळे, बऱ्याचदा जवळपास कोऱ्या निघतात.

१९८०च्या दशकात कॅसेटने आणि त्यानंतर सीडीने विनाईलची सद्दी संपवली. बंगळुरूच्या रॅडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ मध्येच आला होता, आणि पुढे मैफलीत व मुद्रणकक्षात त्याचा वापर वाढत गेला. जो नाद पकडण्यासाठी यंत्रांनी पाऊण शतक धडपड केली, तो आता यंत्रातूनच निघू लागला. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने मात्र जुन्या मुद्रिकांची नोंद आणि जतन नेटाने चालवले. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाईलच्या विक्रीने नगांच्या संख्येत सीडीला मागे टाकले आणि भारतातही पुनर्मुद्रणे निघू लागली. त्यांतील अनेक संगणकावर खरखर काढून सिद्ध केलेली असतात. अखंड, एकसारखा आवाज म्हणजे खरखर, असे ती प्रणाली धरून चालते. आणि तानपुराही अखंड, एकसारखाच वाजत असल्याने खरखरीबरोबर जवारीही छाटली जाते. नव्या चकचकीत तबकडीपेक्षा थोडी चरचरणारी पहिल्या दाबाची मोनो प्रत संग्राहक अधिक किंमत देऊन घेतात, तेव्हा दुकानात सुई टेकवून ते आधी ऐकतात तो गायक नव्हे, तर गायक सुरू होण्यापूर्वीचे दहा-बारा सेकंद.