कूलरची ताटी आणि फसवा न्यूमोनिया

मार्च सरता सरता रामटेकला घरोघरी कूलर खिडकीला लागतात. गेल्या उन्हाळ्यातल्या ताट्या तशाच असतील तर पहिल्याच झुळुकीबरोबर कुबट वास येतो. या वासाचा न्यूमोनियाशी काय संबंध, ते आपण पाहू.

न्यूमोनियात जंतू फुप्फुसांतील वायुकोशांत वाढतात. ताप येतो, खोकला होतो, दम लागतो आणि क्ष-किरण चित्रात पांढरट डाग दिसतो. पण जंतुसंसर्ग नसतानाही हे सारे घडू शकते. ओल्या ताटीवरील बुरशीचे सूक्ष्म कण वायुकोशांत पोचले, की काही जणांची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर नको इतकी तुटून पडते. सूज येते ती या लढाईमुळे. या विकाराला अतिसंवेदनशील न्यूमोनायटिस म्हणतात. इंग्लंडमध्ये १९३२ साली कॅम्पबेल यांनी बुरशी लागलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत तो वर्णिला. आपल्याकडची भिजून कुजलेली तणसही तेच करू शकते. भारतातील १९ शहरांतल्या रुग्णांची एक नोंदणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत फुप्फुसाच्या अंतरालीय विकारांचे १,०८४ रुग्ण होते. त्यांपैकी ४७.३ टक्क्यांना हाच आजार होता आणि यांतले जवळजवळ निम्मे कूलरच्या हवेत राहणारे होते!

निदानात फसगत कुठे होते? रुग्ण दवाखान्यात भरती होतो, त्याला प्रतिजैविके मिळतात आणि दोन-तीन दिवसांत बरे वाटते. श्रेय औषधाला जाते. खरे तर तो घरच्या कूलरपासून दूर गेलेला असतो. घरी परतताच पुन्हा ताप. (दवाखान्यातही तसाच कूलर असला तर कोडे आणखी अवघड!) म्हणून 'न्यूमोनिया' पुन्हापुन्हा झाला, तर आमच्या मते पहिली तपासणी प्रश्नांची असावी. त्रास कूलर लावल्यावर चार ते आठ तासांनी सुरू होतो का? बाहेरगावी गेल्यावर थांबतो का? घरात कबुतरे आहेत का? कबुतरांच्या विष्ठेनेही हाच विकार होतो.

क्ष-किरण चित्रात न्यूमोनियाचा डाग बहुधा एका भागात असतो, इथे मात्र दोन्ही फुप्फुसे धुरकटतात. सीटी स्कॅनमध्ये ते अधिक स्पष्ट दिसते. फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात लिंफोसाइट पेशी वाढलेल्या आढळतात. रक्तातील प्रतिपिंडे मात्र संपर्क आल्याचेच सांगतात, आजार झाल्याचे नव्हे. आपल्याकडे क्षयासाठी थुंकी तपासणे आधी आवश्यक. क्षय असताना नुसती स्टेरॉइडे दिली तर तो बळावतो.

संपर्क वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुसात व्रणासारखे तंतू तयार होतात. ते मग कूलर बंद करूनही जात नाहीत.