दाखल करावे की घरी पाठवावे?

रोगाचे नाव कळले की रुग्णाला रुग्णालयात ठेवायचे की नाही हे ठरते, असा बहुतेकांचा समज असतो. मनोविकाराच्या तातडीच्या प्रसंगी आम्हां डॉक्टरांना नावाचा उपयोग फार थोडा होतो.

आधी शरीर तपासावे लागते. एका रात्रीत असंबद्ध बोलू लागलेल्या वृद्धाला मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला असतो किंवा त्याच्या रक्तातील साखर उतरलेली असते. दारू सुटून दोन-तीन दिवस झालेल्याला कंप सुटतो, भास होतात. अशांना सामान्य रुग्णालयातच ठेवले पाहिजे.

आत्महत्येविषयी मी सरळ विचारतो. विचारल्याने ती कल्पना मनात शिरते, ही भीती निराधार आहे. ‘जगण्यात अर्थ नाही’ म्हणणारा आणि कीटकनाशकाची बाटली लपवून ठेवणारा, यांच्यांत मोठे अंतर आहे. हे अंतर गुणांच्या कोष्टकाने मोजता येत नाही; स्वतःला इजा करणाऱ्यांविषयीच्या २०२२ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत अशा कोष्टकांवरून भाकीत करू नये असेच सांगितले आहे. म्हणून मी घराची चौकशी करतो. बाटली हलवली का? रात्री जवळ कोण झोपेल? दोन दिवसांनी पुन्हा आणाल का? उत्तरे समाधानकारक असतील तर पुष्कळांना घरी पाठवता येते. तशाच अवस्थेतील एकट्या माणसाला मात्र मी दाखल होण्याचा आग्रह करतो.

तो नकार देतो तेव्हा कायदा पुढे येतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. अलीकडे स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा धमकी, इतरांवर हिंसा, किंवा जिवाला धोका व्हावा इतके स्वतःकडे दुर्लक्ष, यांपैकी काही असावे लागते. शिवाय रुग्ण उपचारांचा निर्णय स्वतः घेऊ शकत नसावा आणि याहून कमी बंधनाचा मार्ग उरलेला नसावा. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यांतील एक मनोविकारतज्ज्ञ. मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. सात दिवसांच्या आत, स्त्री वा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांच्या आत, पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते.

‘आम्ही थकलो, ठेवून घ्या,’ असे आप्त म्हणतात. थकवा हा कायद्यातील निकष नव्हे. तरीही पत्नी किती रात्री झोपलेली नाही हे मी आवर्जून विचारतो. तिचा डोळा लागला की पहाऱ्याला कोणीच उरत नाही, आणि घरी पाठवण्याचा माझा सारा हिशेब त्या पहाऱ्यावरच उभा असतो.