गोल पेशीला डोळा कुठे फुटतो?



वरूड-मोर्शीकडे संत्र्याची कलमे बांधणाऱ्याला डोळा कुठे असतो हे सांगावे लागत नाही. पानाच्या बगलेत तो असायचाच. तो अलगद काढून जंबेरीच्या खुंटावर बांधला, की नव्या झाडाची सुरुवात झाली. पण ज्याला पान नाही, फांदी नाही, शेंडा-बूड काहीच नाही, अशा सजीवाला डोळा फुटायचा असेल तर तो कुठे फुटावा?

पाव फुगवणारे यीस्ट हा असाच सजीव. मेळघाटात मोहफुले आंबतात तीही यीस्टमुळेच. त्याची एक पेशी म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा गोळा. साखर आणि ऊब मिळाली की तिच्या अंगावर एक फुगवटा येतो, वाढतो आणि सुटून वेगळी पेशी होते. साऱ्याला दीडेक तास पुरतो. फुगवटा मात्र एका वेळी एकच. ही जागा ठरवतो कोण?

कोणी एकटा ठरवत नाही, हेच यातले मर्म. पेशीत सीडीसी-४२ नावाचे प्रथिन असते. ते दिव्याच्या बटणासारखे समजा, कधी चालू, कधी बंद. सीडीसी-२४ हे दुसरे प्रथिन ते बटण चालू करते. बेम-१ हे तिसरे प्रथिन मध्यस्थ. जिथे बटण चालू झाले, तिथे ते सीडीसी-२४ला ओढून आणते. मग शेजारची बटणेही चालू होतात. आठवडी बाजारात असेच होते. ज्या दुकानापुढे चार माणसे दिसली, तिथे आणखी दहा जातात. माणसे मोजकीच असल्यामुळे बाकीची दुकाने ओस पडतात. म्हणून पेशीलाही जागा एकच मिळते.

जागा ठरली की पेशीच्या आतले बारीक तंतू तिकडे वळतात आणि त्यांच्यावरून नव्या भिंतीचे सामान पोचते. मागच्या वेळी फुगवटा सुटला तिथे एक व्रण राहतो. एकपट गुणसूत्रांची पेशी पुढचा फुगवटा त्याच्या शेजारीच काढते. ही खूण वाचणारी प्रथिने काढून टाकली तरी फुगवटा येतोच, आणि एकच येतो. फक्त कुठेही येतो.

आणि ही तीन प्रथिनांची साखळी तुटली तर? अमेरिकेतील लेलँड हार्टवेल यांनी यीस्टच्या बिघडलेल्या जाती शोधल्या. त्या कामासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सीडीसी-२४ बिघडलेली जात ३७ अंश उष्णतेत ठेवली, तर पेशी मरगळत नाही, उलट फुगतच जाते. आतले केंद्रकही विभागते. पण फुगवटा येत नाही. वाढ आहे, दिशा नाही.

हे आपल्यापासून दूरचे नाही. सीडीसी-४२ आपल्याही पेशींत असते. माणसातले हे प्रथिन यीस्टच्या बिघडलेल्या पेशीत घातले तर तिचे काम चालते, हे १९९० साली दिसून आले. जंतूच्या मागे धावणारी पांढरी पेशी याच प्रथिनाच्या आधाराने दिशा धरते. कर्करोगाच्या पुष्कळ गाठींत पेशींचे दिशाभान सुटलेले आढळते.

शिक्षकबंधूंनी हे मुलांना जरूर दाखवावे. कोमट साखरपाण्यात चिमूटभर यीस्ट घालावे, तास-दोन तास थांबावे, आणि एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठा करून पाहावा. काही गोळ्यांना लहान गोळा चिकटलेला दिसेल. तो तिथेच का आला, हे मुलांना आधी विचारावे, आणि मग सांगावे.