मीठ, मूत्रपिंड आणि लघवीची गोळी

पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी पेडणे-डिचोलीच्या घरांत आवडीने खाल्ली जाते, आणि पेडण्यातल्या आगरवाड्याला तर मिठागरंच आहेत. त्यामुळे इथे लघवी वाढवणाऱ्या गोळीविषयी बोलायचं तर सुरुवात मिठापासूनच करावी.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी मात्र होते साधारण दीड लिटर. बाकीचं सगळं सूक्ष्म नलिका रक्तात परत घेतात. त्या सोडियम ओढतात आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. गोळी हे सोडियम परत घेणंच अडवते. नलिकेतल्या ‘हेन्लेचं वळण’ नावाच्या तुकड्याच्या चढत्या भागात गाळलेल्या सोडियमपैकी जवळजवळ चौथा हिस्सा परत घेतला जातो. फ्युरोसेमाइड हे औषध नेमकं तिथेच काम करतं, म्हणून पायांची सूज आणि धाप झपाट्याने उतरते. थायझाइड पुढच्या भागात काम करतं, जिथे जेमतेम पाचेक टक्के सोडियम परत जातं. त्याचा जोर कमी, पण रक्तदाबासाठी ते फार उपयोगी.

या दोन्हींमुळे पोटॅशियम घटतं. स्पायरोनोलॅक्टोन उलट ते राखून ठेवतं, म्हणून ते घेणाऱ्याने पोटॅशियम असलेलं शहाळ्याचं पाणीही डॉक्टरांना विचारूनच प्यावं. हे आवर्जून सांगायला हवं, कारण आपल्याकडे शहाळं सगळ्यांनाच निर्धोक मानतात.

गोळी घेऊन वर खारवलेला बांगडा खाल्ला, तर बाहेर गेलेलं मीठ पुन्हा शरीरात येतं. जुलाब-उलट्या होत असतील तर गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. अंगदुखीची गोळीही त्या दिवसांत परस्पर घेऊ नये.