घृतकल्पातील तूप : एक उपेक्षित प्रश्न

ब्राह्मीघृत असो वा फलघृत, त्यातील वनस्पतींविषयी आपण चोखंदळ असतो. गुडूची ताजी की शुष्क, ज्येष्ठमध कोणत्या व्यापाऱ्याचे, याची चौकशी होते. तूप मात्र बाजारातील डब्यातून येते आणि पातेल्यात पडते. डब्यावर ‘शुद्ध तूप’ एवढेच छापलेले असेल, तर ते गाईचे आहे असे मानण्यास आधार नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात गव्य व माहिष दुग्धाचे गुण पृथक् वर्णिले आहेत. माहिष दुग्ध अधिक गुरू व शीत असून ते अनिद्रा व अत्यग्नी यांत हितकर मानले आहे. पाठात ‘गोघृत’ असताना हा भेद सोडून चालणार नाही.

ओळख कशी पटवावी? गाईच्या तुपाचा पिवळेपणा कॅरोटीनमुळे येतो. म्हशीच्या स्निग्धांशात ते जवळजवळ नसते, म्हणून तिचे तूप पांढरे. तथापि रंग मिसळता येतो. बोडोइन चाचणी वनस्पती तुपातील तीळतेल दाखवते. म्हशीचे तूप तीत निर्दोषच ठरते. शिवाय चाऱ्याचाही परिणाम असतो. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचे रायशर्ट-मायसल मूल्य कमी येते, म्हणूनच कापूसपट्ट्यासाठी शासकीय मानकात सवलत ठेवली गेली. विदर्भातील प्रामाणिक गोपालकाचे तूपही त्यामुळे प्रयोगशाळेत उगाच संशयास्पद ठरू शकते!

आमच्या मते खरी कसोटी हिशेबाची आहे. ४ टक्के स्निग्धांशाच्या २५ लिटर दुधात सुमारे १ किलो स्निग्धांश असतो. विरजण, घुसळण व कढवणे यांतील घट धरता १ किलो तुपास २८ ते ३० लिटर दूध लागते. खिल्लार व डांगी या मुख्यतः ओढकामाच्या जाती. त्यांचे दूध थोडे, त्यातही वासराचा वाटा. देवणी त्या मानाने दुभती. अशा गोठ्यातून किलोभर तूप जमण्यास बरेच दिवस जातात, आणि संकलन केंद्रावर दूध घातले तर पैसे वेळेवर मिळतात. मग शेतकऱ्याने दही का लावावे?

तेव्हा विक्रेत्याच्या गावातील गाईच्या दुधाचा दर विचारावा व त्यास तिसाने गुणावे. दही-लोण्याचे म्हणून विकले जाणारे तूप याहून बरेच स्वस्त असेल, तर खुलासा मागावा. मलई काढून उरलेले दूध विकणाऱ्या डेअरीस कमी भाव परवडतो, हे खरे. परंतु ते तूप दह्याचे नव्हे. एकट्या औषधालयाची मागणी गोपालकास अपुरी वाटते. एका तालुक्यातील चार-पाच औषधालयांनी एकत्र येऊन वर्षभराची मागणी आगाऊ नोंदवली व सरळ या हिशेबाने भाव दिला, तर तो दही लावण्यास तयार होईल.

प्रत्येक पाकापूर्वी थोडे मूळ तूप बरणीत दिनांकासह राखून ठेवावे. कल्क व क्वाथ पडल्यावर वर्णगंधावरून ते ओळखता येत नाही.