लॅपटॉप झाला राऊटर!

चौघांनी मिळून पैसे काढले, सेकंडहँड कन्सोल घेतला आणि रूमवर आणला. टीव्ही नाही म्हणून कोणाचा तरी मॉनिटर लावला, खाली चादर अंथरली. कन्सोल सुरू झाला, वायफायची यादी आली, त्यात हॉस्टेलचं नेटवर्कही दिसलं. तुम्ही ते निवडलंत आणि गाडी तिथेच अडली. मोबाइलवर तेच नेट चालतंय, लॅपटॉपवर चालतंय, कन्सोलवर मात्र नाही. "खराब माल दिला राव त्याने," असं एक जण म्हणतो आणि विकणाऱ्याला फोन लावायची तयारी होते.

फोन ठेवा. कन्सोल बहुतेक ठणठणीत आहे. घोळ तुमच्या हॉस्टेलच्या वायफायच्या दारावर आहे.

घरच्या वायफायला एकच पासवर्ड असतो. तो टाकला की काम झालं. कॉलेजच्या, हॉस्टेलच्या वायफायचं तसं नसतं. कुठे आधी जोडायचं, मग ब्राउझरमध्ये एक पान उघडतं, त्यात तुमचा लॉगिन टाकायचा. हे पान काही कन्सोलवर नीट उघडतच नाही. कुठे वायफाय जोडतानाच प्रत्येकाचं वेगळं युजरनेम आणि वेगळा पासवर्ड मागतात. या प्रकारच्या वायफायला प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच यांपैकी कोणीच दाद देत नाही, कारण युजरनेम टाकायला तिथे जागाच नसते. एमएससाठी जर्मनीला किंवा अमेरिकेला गेलेला तुमचा सीनियरही याच ठिकाणी अडकतो. तिकडच्या विद्यापीठांत चालणारं 'एज्युरोम' याच पद्धतीचं आहे. तिसरी गंमत जुन्या मालाची. २०१३ साली आलेला पहिला पीएस फोर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय पकडतो. तुमच्या मजल्यावर ५ गिगाहर्ट्‌झचंच नेट असेल तर त्याला ते दिसणारही नाही.

यावरचा उपाय तुमच्या टेबलावरच पडलेला आहे. लॅपटॉपने वायफायला लॉगिन करायचं, आणि लॅपटॉपमधून एक लॅन केबल काढून कन्सोलला जोडायची. वायफायमधून आलेलं नेट लॅपटॉप केबलवाटे पुढे देतो. हॉस्टेलच्या नेटवर्कला कन्सोल दिसतच नाही, फक्त तुमचा लॅपटॉप दिसतो.

हा जुगाड नवा नाही. विंडोजमध्ये ही सोय १९९९ मध्ये, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा घरात एकच फोनलाइन असायची आणि तिच्यावरचं नेट दोन कॉम्प्युटरांत वाटून घ्यायचं असायचं. मग २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला तो वायफायशिवाय! अमेरिकेत त्याचं स्वस्तातलं मॉडेल ३०० डॉलरला होतं आणि वायफायचा वेगळा अडॅप्टर १०० डॉलरला. म्हणजे नेटसाठी कन्सोलच्या किमतीचा तिसरा हिस्सा. तेव्हाच्या पोरांनी तो अडॅप्टर न घेता लॅपटॉप मध्ये घातला आणि केबल ओढली. तुम्ही आज तेच करणार आहात, कारण तेवढं वेगळं.

आता सामान. लॅपटॉपला लॅनचं भोक असेल तर उत्तम. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना ते नसतं, मग यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर घ्या, शक्यतो यूएसबी ३ चा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत दोन्ही वस्तू मिळतात. दुकानदार तुम्हाला महागातली चपटी, सोनेरी टोकांची 'गेमिंग केबल' दाखवेल. तिच्यात जादू नसते. साधी 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' पुरते. लांबी मात्र मोजून घ्या. केबल दारातून आडवी गेली तर रात्री पाण्याला उठलेला पहिला माणूस तिच्यात पाय अडकवून लॅपटॉपसकट सगळं खाली आणतो.

सेटिंग दहा मिनिटांचं आहे. लॅपटॉप आधी वायफायला जोडून, लॉगिन करून, एखादं पान उघडून बघा. मग कन्सोल केबलने जोडा आणि सुरू ठेवा. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर' उघडा, डावीकडे 'चेंज अडॅप्टर सेटिंग्ज'वर जा. तिथे 'वायफाय' आणि 'इथरनेट' असे दोन आयकॉन दिसतील. राइट क्लिक करायचं ते वायफायवर, कारण जे नेट द्यायचंय ते त्याचं. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'शेअरिंग' नावाचा टॅब आहे. त्यातल्या पहिल्या चौकोनात टिक करा, आणि खाली कोणाला द्यायचं असं विचारलं तर 'इथरनेट' निवडा. ओके. मग कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लॅन केबल' निवडून बाकी सगळं 'ऑटोमॅटिक' ठेवा. मॅकबुक असेल तर 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'जनरल', त्यात 'शेअरिंग', त्यात 'इंटरनेट शेअरिंग'. तिथे कामाची भानगड त्याहून कमी.

दोन्ही आयकॉन एकदम निवडले की 'ब्रिज कनेक्शन्स' असा पर्याय येतो. नाव ऐकून वाटतं, हेच तर हवंय! त्याच्या नादी लागू नका. ब्रिज केला की कन्सोल स्वतःची ओळख घेऊन थेट हॉस्टेलच्या वायफायसमोर जातो, आणि एका जोडणीवर दुसरी ओळख दिसली की वायफाय सहसा तिला उभं करत नाही. शेअरिंगमध्ये सगळं लॅपटॉपच्या नावावर जातं, म्हणून ते चालतं.

चाललं की नाही हे कळायला कन्सोलवरचा आयपी अ‍ॅड्रेस बघा. विंडोजकडून मिळालेला असेल तर तो १९२.१६८.१३७ ने सुरू होईल. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपने काही दिलंच नाही आणि कन्सोलने आपलाच एक आकडा लावून घेतलाय. अशा वेळी शेअरिंगची टिक काढा, ओके करा, पुन्हा टिक करा. हसू नका, बहुतेक वेळा यानेच काम होतं. त्याला कारणही आहे. चार मिनिटं या वाटेने काहीच गेलं-आलं नाही तर विंडोज १० पासून ही सेवा झोपते आणि आपणहून उठत नाही. तुम्ही जेवायला मेसमध्ये गेलात, कन्सोल बंद होता, परत आलात तर नेट गायब, ते यामुळे. टिक काढून-घालूनही जमलं नाही तर अँटिव्हायरसचा फायरवॉल तपासा.

लॅपटॉप झोपला की कन्सोलचं नेट गेलं, हेही लक्षात ठेवा. चार्जर लावलेला असताना झाकण मिटलं तरी काहीच करू नको, असं पॉवर सेटिंगमध्ये सांगून ठेवता येतं. पण मिटलेला लॅपटॉप गादीवर ठेवू नका, तापतो. आणि ज्याचा लॅपटॉप आहे त्याला असाइनमेंट लिहायचीय आणि इकडून ओरडा, "ए, हात नको लावू, मॅच चालूय!" हा प्रसंग ठरलेला आहे. तेव्हा कन्सोल चौघांचा असला तरी लॅपटॉप कोणाचा, हे आधी ठरवून घ्या.

केबल कशाला, लॅपटॉपचा 'मोबाइल हॉटस्पॉट' सुरू करू की, असं कोणीतरी म्हणेलच. चालेल. केबल नसेल तेव्हा तोच मार्ग आहे, आणि जुन्या पीएस फोरसाठी तो २.४ वर लावता येतो. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफायचं एकच कार्ड असतं. तेच हॉस्टेलशी बोलतं आणि तेच कन्सोलशी, म्हणजे एक तोंड, दोन संभाषणं. स्पीड पडतो आणि अटीतटीच्या क्षणी गेम अडखळतो.

लॅपटॉप मध्ये आल्याने लॅग वाढतो, ही तक्रार मात्र खरी नाही. केबलवरून लॅपटॉपपर्यंत जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. लांबीचा हिशोब करा. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद इथेच खर्च झाले, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जातही नाही. त्यामुळे गेममध्ये सर्व्हर निवडायची सोय असेल तर आधी मुंबईचा आहे का बघा. उरलेला लॅग बहुतेक वायफायच्या टप्प्यात असतो: मजल्यावरचे साठ जण एकाच वेळी रील्स बघत असतात तिथे.

एक अडचण मात्र लॅपटॉपमुळे खरंच वाढते. कन्सोल 'नॅट टाइप'बद्दल कुरकुर करतो. तुम्ही लॅपटॉपमागे लपलात आणि लॅपटॉप हॉस्टेलच्या राऊटरमागे, म्हणजे दोन पडदे झाले. बाहेरच्या खेळाडूला थेट तुमच्यापर्यंत येता येत नाही. प्लेस्टेशनवर 'टाइप ३' किंवा एक्सबॉक्सवर 'स्ट्रिक्ट' दिसलं तर मित्राशी व्हॉइस चॅट होत नाही, काही मॅच लागत नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर चालणारे खेळ तरीही चालतात. हॉस्टेलच्या राऊटरला हात लावता येत नसल्यामुळे यावर तुमच्याकडे फारसा इलाज नाही.

डेटाचंही बघून घ्या. खेळायला फार लागत नाही, बहुतेक खेळ तासाला दोनशे एमबीच्या आत भागवतात. खातो तो डाउनलोड. ६० जीबीचा गेम २० एमबीपीएसने उतरवायला पावणेसात तास लागतात, तेही स्पीड पूर्ण मिळाला तर. मोबाइलच्या दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर तोच गेम ४० दिवसांचा होतो. कन्सोलचं ऑटो अपडेट बंद ठेवा आणि मोठे डाउनलोड पहाटेसाठी ठेवा.

आता ज्यासाठी हा लेख शेवटपर्यंत वाचायला हवा, ती गोष्ट. अनेक हॉस्टेलांत भिंतीवर लॅनचं सॉकेट असतं. समजा, तुमच्या लॅपटॉपवर वरची टिक तशीच राहिलीय. एका संध्याकाळी वायफाय मंद आहे म्हणून तुम्ही कन्सोलची केबल काढता आणि लॅपटॉप भिंतीतल्या सॉकेटला लावता. लॅपटॉपला काय कळतं? त्याला वाटतं, इथरनेटच्या पलीकडे जो कोणी आहे त्याला मी नेट द्यायचंय. तो अख्ख्या मजल्याला आयपी अ‍ॅड्रेस वाटायला लागतो. जे कॉम्प्युटर त्या वेळी नव्याने जोडले जातात, त्यांतल्या काहींना खऱ्या राऊटरऐवजी तुमच्या लॅपटॉपचा पत्ता मिळतो. कोणाचं नेट रखडतं, कोणाचं जातंच. पलीकडच्या खोलीत कोणीतरी रात्री बाराची डेडलाइन असलेलं सबमिशन अपलोड करत असतं, कोणाची ऑनलाइन टेस्ट चालू असते. तुम्हाला काहीच कळत नाही, कारण तुमचं नेट तर चालूय! काही कॉलेजांतले स्विच हे ओळखून तुमचं सॉकेट लगेच तोडतात. बाकी ठिकाणी नेटवर्कवाले सर एकेक खोली तपासत तुमच्या दारात येतात.

तो माणूस दारात येण्याआधी तुम्ही त्याच्याकडे गेलेलं बरं. तुमच्या लॉगिनवरून जे जाईल ते तुमच्या नावावर नोंदलं जातं, मग कन्सोल रूममेटच्या हातात असो की त्याच्या पाहुण्याच्या. काही ठिकाणी नेट पुढे वाटायला नियमाने बंदी असते. कोणाला कळणार नाही असंही समजू नका: लॅपटॉपमधून पुढे गेलेल्या प्रत्येक पॅकेटवरचा एक आकडा एकने कमी झालेला असतो, आणि बघणाऱ्याला तो दिसतो. उलट विचारलंत तर कधी सोपं उत्तर मिळतं. कन्सोलच्या सेटिंगमध्ये बारा अक्षर-अंकांचा मॅक अ‍ॅड्रेस असतो. काही संस्थांत तो अर्जावर लिहून दिला की कन्सोल थेट नेटवर्कवर घेतात. मग लॅपटॉप, केबल, टिक, कशाचीच गरज नाही. सरांकडे जाताना तो आकडा कागदावर लिहूनच न्या, पाठ होत नाही.

आणि परवानगी मिळून लॅपटॉपवरूनच खेळणार असाल, तर केबलच्या लॅपटॉपकडच्या टोकाला कागदाची चिठ्ठी चिकटवा: 'भिंतीत लावण्याआधी टिक काढ.'